भुंडी हे नाव कुणी ठेवलं

निमगाव सावाच्या म्हस्कू ठोंबरेला आकडे लक्षात राहत नसत आणि चेहरे विसरता येत नसत. चेहरे म्हणजे माणसांचे नव्हेत, जनावरांचे. त्याच्या वडिलांकडे शंभर-सव्वाशे मेंढरं आणि त्यांच्यात पाच-सहा शेळ्या असायच्या. दिवाळी झाली की घरची मंडळी कळप घेऊन मढवरून माळशेज उतरायची, कोकणात राहायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. दहा वर्षांच्या म्हस्कूला कळपात किती जनावरं आहेत हे सांगता यायचं नाही. पण एखादं कमी असलं तर कोण नाही ते सांगता यायचं.

"भुंडी न्हाई आज," तो म्हणायचा. भुंडी म्हणजे बिनशिंगांची शेळी. वडील मग सगळी जनावरं मोजायचे आणि एक कमी भरायचं.

दहावीला तो गणितात काठावर सुटला. १९८८ साली पुण्याच्या भरतीत पळण्यात मात्र पहिल्या दहांत आला. मेंढरांमागं पळालेल्या माणसाला मैदान सपाट वाटतं. सैन्यात त्याला ड्रायव्हर केलं आणि ट्रेनिंगला बंगळुरूला पाठवलं.

तिथे अडचण आली. लष्करी गाडीच्या नंबरात सुरुवातीला वर तोंड केलेला बाण असतो, मग वर्ष, मग अक्षर, मग आकड्यांची रांग आणि शेवटी पुन्हा एक अक्षर. म्हस्कूच्या लक्षात बाण तेवढा राहायचा. शिकवणाऱ्या हवालदाराला तिथे उस्ताद म्हणतात. एका संध्याकाळी उस्तादांनी विचारलं, "आज कौन सी गाडी चलायी?"

"काणी, साब."

"काणी कौन?"

"जिसका बायाँ बत्ती नहीं जलता, साब."

उस्तादांनी त्याच्या खांद्यावर स्टेपनी दिली आणि मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या. चकरा चालू असताना ते गाड्यांकडे जाऊन आले. एका गाडीचा डावा दिवा खरंच बंद होता. चकरा मात्र दोन्ही पूर्ण झाल्या.

गाड्यांना नावं ठेवायची रीत काही म्हस्कूने काढली नव्हती. जोंगा म्हणून जी जीप होती, तिचं नाव जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातल्या अक्षरांवरून पडलं होतं. शक्तिमान ट्रकचं नाव जर्मन कंपनीच्या 'मान' या नावाला पुढे शक्ती जोडून झालं, असं जुने लोक सांगायचे. पण ही नावं सगळ्या जातीला मिळून होती. म्हस्कूचं म्हणणं, सगळ्या मेंढ्यांना मेंढी म्हणून कसं चालेल?

लडाखच्या रस्त्यावर त्याची बदली झाली तेव्हा त्याच्या युनिटमध्ये साठ गाड्या होत्या. दोन वर्षांत त्यातल्या निम्म्यांना नावं पडली. जिचा गिअरचा दांडा उसळून मनगटावर बसायचा ती मारकी. जी थंडीत अर्धा तास जागेवर थरथरत राहायची आणि मगच हलायची तिचं नाव रवंथ. बिघडलेल्या गाड्या ओढून नेणारी क्रेन होती, तिला तो खाटीक म्हणायचा, कारण तिने दोर लावून नेलेली गाडी सहसा परत कळपात दिसायची नाही. वर्कशॉपवाल्यांना खाटीक शब्दाचा अर्थ कळला तेव्हा त्यांनी आठवडाभर म्हस्कूच्या गाडीचे ब्रेक तपासले नाहीत.

त्याच्या स्वतःकडे पाण्याची गाडी होती. शक्तिमानच्या सांगाड्यावर बसवलेली टाकी. बर्फाच्या मुलुखात पाणी पोचवणं हे त्याचं काम. तिचा डावा आरसा एका पुलाच्या कठड्याने नेला आणि उजवा महिनाभराने एका याकाने. नव्या आरशांसाठी अर्ज गेला आणि वर्षानुवर्षं कुठेतरी फिरत राहिला. तोवर म्हस्कू खिडकीतून मान बाहेर काढून मागचं बघायचा. दोन्ही बाजूंनी मोकळं तोंड घेऊन उभी असलेली ती गाडी बघून त्याच्या डोळ्यांपुढे दुसरं काही येणं शक्य नव्हतं. तिचं नाव भुंडी पडलं.

हे नाव सगळ्यांत जास्त चाललं. पुढे युनिटमधल्या सगळ्याच पाण्याच्या गाड्यांना लोक भुंडी म्हणू लागले, मग शेजारच्या युनिटमधल्या, मग बदलीवर गेलेल्यांनी ते आणखी लांब नेलं. अर्थ कुणाला माहीत नव्हता आणि त्यावाचून कुणाचं अडलं नाही. मदुराईच्या ड्रायव्हरला वाटायचं हा त्यांचाच 'वंडी' शब्द आहे, त्यांच्याकडे गाडीला वंडी म्हणतात. बिहारचे जवान सांगायचे, मूळ शब्द बूंदी, नळ गळतो म्हणून. पंजाबी जवानांच्या मते गाडी दिसायला भोंडी, म्हणजे कुरूप, म्हणून भुंडी. तिघेही आपापल्या जागी खात्रीने बोलायचे.

खरा अर्थ माहीत असलेला म्हस्कूखेरीज एकच माणूस तिथे होता, घाटघरचा कुशाबा. नाणेघाटाच्या तोंडावरचं गाव, घरी भात आणि नाचणी. घाटघर आणि निमगाव सावा ही जुन्नर तालुक्याची दोन टोकं. गावीच राहिले असते तर या दोघांची भेट होण्याचं काही कारण नव्हतं. ती लडाखमध्ये जेवणाच्या रांगेत झाली. पुढचा माणूस ताट हातात धरून "लई गार हाय राव" म्हणाला आणि मागच्याने "गार न्हाई तर काय व्हईल इथं" म्हणून उत्तर दिलं. त्यानंतर सात वर्षं ते एका बॅरेकीत शेजारी झोपले.

कुशाबा कमी बोलायचा. त्याला साठ गाड्यांचे साठ नंबर बाणासकट पाठ होते. कागदावर भरायचे नंबर म्हस्कू त्यालाच विचारायचा. म्हस्कूसमोर बोलताना मात्र कुशाबा गाड्यांची नावं घ्यायचा. मित्राला बरं वाटावं म्हणून तो तेवढं करायचा.

जानेवारी २००२ मध्ये सात गाड्यांचा ताफा वर चालला होता. म्हस्कूची भुंडी सहावी होती आणि कुशाबाची गाडी सातवी. शेवटची म्हणून तिच्यात वायरलेस सेट होता. एका वळणावर समोरून गाडी आली. तिला जागा द्यायला म्हस्कूने मान बाहेर काढून भुंडी मागे घेतली. मागचं चाक बर्फावरून सरकलं आणि पाच टन पाण्यासह गाडी चाळीस फूट खाली नाल्यात गेली.

ती तोंडावर उभी राहिली. म्हस्कूचं गळ्याजवळचं हाड मोडलं, दरवाजा दबला आणि कंबरेपर्यंत पाणी आलं, त्याच्यावर बर्फाचा पापुद्रा तरंगत होता.

कुशाबाने सेट उचलला. नंबर त्याला पाठ होता. तरी त्याच्या तोंडातून नाव निघालं.

"भुंडी नाले में गिर गयी! जल्दी आओ!"

"कौन गिरी?" पलीकडच्या ऑपरेटरने विचारलं. तो नवीन होता, आठच दिवसांपूर्वी आलेला.

"भुंडी! अपनी भुंडी! म्हस्कू अंदर है उसके साथ!"

थोडा वेळ नुसती खरखर आली. मग ऑपरेटरने विचारलं, "लेडीज है?"

कुशाबाला खरखरीत एवढंच कळलं की काहीतरी विचारतायत. "हाँ, हाँ! जल्दी!" तो म्हणाला आणि सेट टाकून खाली उतरला.

ऑपरेटरने लिहून घेतलं, 'सरकारी गाडी नाल्यात. एक ड्रायव्हर, एक महिला, नाव भुंडीदेवी.'

नुसती गाडी घसरल्याचा निरोप असता तर आधी खाटीक निघाली असती आणि त्या चढावर तिला अडीच तास लागायचे. इथे महिलेचा प्रश्न होता. रुग्णवाहिका निघाली, तिच्यात महिला डॉक्टर बसल्या, वरच्या चौकीतून दोर घेऊन पंधरा माणसं पळत उतरली आणि जवळच्या पोलिसांनाही कळवलं गेलं. चाळीस मिनिटांत सगळे हजर झाले.

ती चाळीस मिनिटं कुशाबा फुटलेल्या काचेतून अर्धा आत वाकून म्हस्कूचं डोकं धरून होता. म्हस्कूचे डोळे मिटायला लागले. थंडीत झोप लागली की माणूस उठत नाही, हे त्यांना पहिल्याच हिवाळ्यात शिकवलेलं होतं. कुशाबा गाड्यांचे नंबर म्हणू लागला. एक नंबर म्हणायचा, बॅटरी बदललेली अशी काही खूण सांगायचा आणि विचारायचा, "ही कोण?"

"रवंथ," म्हस्कू म्हणायचा.

"आन ही? मागच्या हप्त्यात टायर फुटलेली?"

"मारकी."

"मारकी कशी? मारकी न्हवं ती. नीट बघ."

"मारकीच हाय," म्हस्कू डोळे न उघडता म्हणायचा आणि वाद चालू राहायचा. साठातल्या एकवीस गाड्या झाल्या तेव्हा दोर खाली आला.

महिला डॉक्टरांनी म्हस्कूला तपासलं, मग केबिनमध्ये डोकावून विचारलं, "औरत कहाँ है?"

"कौन औरत?" कुशाबा म्हणाला.

डॉक्टर बरोबरच्या माणसाला म्हणाल्या की याला धक्का बसलाय, याला पण कांबळं द्या. कांबळं दिल्यावर पोलीस आले. त्यांनी कुशाबाला भुंडीची माहिती विचारली. कुशाबाला वाटलं गाडीची विचारतायत.

"उमर?"

"बीस साल."

"कपडे किस रंग के?"

"हरी है पूरी," कुशाबा म्हणाला. तेही लिहून घेतलं गेलं.

हिरव्या कपड्यांतल्या वीस वर्षांच्या भुंडीदेवीला लोक दोन दिवस नाल्यात शोधत होते. खालच्या गावातली माणसंही काठ्या घेऊन आली. तिसऱ्या दिवशी म्हस्कू शुद्धीवर आला तेव्हा उशाशी एक कॅप्टन बसलेले होते. त्यांनी हळू आवाजात विचारलं की ती बाई कोण होती. म्हस्कूने सांगितलं की ती त्याची गाडी होती. कॅप्टन उठले आणि शोध थांबवायला गेले.

डॉक्टर म्हस्कूला म्हणाल्या, "अर्धा तास और, तो तुम नहीं थे."

पुढे चौकशी झाली. वायरलेसवर मंजूर नसलेलं नाव वापरून दिशाभूल करणारा निरोप दिला, हा आरोप कुशाबावर होता. तुला नंबर पाठ असताना नंबर का सांगितला नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला, "घाई झाली, साब." हे नाव कुणी ठेवलं, असं विचारल्यावर तो काही बोलला नाही.

तोच प्रश्न घेऊन एक अधिकारी म्हस्कूच्या खाटेपाशी आले. त्या महिन्यात हवालदारकीची यादी लागणार होती आणि म्हस्कूचं नाव तिच्यात होतं.

"मालूम नहीं, साब," म्हस्कू म्हणाला. "पहले से चलता था."

त्याच्या जबाबावर त्याने डाव्या हाताने सही केली, उजवा गळ्यात बांधलेला होता.

नाव कुशाबानेच ठेवलं असं चौकशीत ठरलं आणि त्याच्या कागदांवर लाल शाईची नोंद झाली. लान्स नायकाचा नायक व्हायची त्याची पाळी होती, ती दुसऱ्याला गेली. एप्रिलमध्ये म्हस्कू हवालदार झाला. आरशांचा अर्जही मंजूर झाला आणि दोन नवे आरसे आले. गाडी तोवर खाटीक घेऊन गेली होती.

भांडण झालं नाही. कुशाबाने त्याची खाट बॅरेकीच्या दुसऱ्या टोकाला नेली, एवढंच. वर्षभराने दोघांच्या वेगवेगळ्या ठिकाणी बदल्या झाल्या. कुशाबा २००६ मध्ये लान्स नायक म्हणूनच घरी आला. म्हस्कू २०१२ मध्ये आला. दोघांची गावं एकाच तालुक्यात होती आणि जुन्नरच्या बाजारात दोघेही जायचे. एकदा माजी सैनिकांच्या मेळाव्यात म्हस्कूला कुशाबाची पाठ दिसली. म्हस्कू चहा न घेता निघून आला.

गावी त्याने कांदा लावला, ट्रॅक्टर घेतला. लोकांनी ट्रॅक्टरच्या पुढे मुलांची नावं लिहिलेली असतात. याच्या ट्रॅक्टरवर काहीच नव्हतं. नाव काय ठेवलं, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "ट्रॅक्टर हाय त्यो."

गेल्या वर्षीच्या आधीच्या दिवाळीत त्याची मुलगी सृष्टी घरी आली. ती मंचरला कॉलेजात शिकवते. तिने फोनवर काहीतरी वाचता वाचता विचारलं, "बाबा, तुमी कधी भुंडी चालवली का?"

म्हस्कू कांद्याची रोपं बघून आला होता. तो उंबऱ्यातच थांबला.

पुण्यात राहणारे एक निवृत्त कर्नल जवानांच्या तोंडची गाड्यांची नावं आणि त्यांच्या जन्मकथा गोळा करत होते. त्याचं पुस्तक होणार होतं आणि तोवर ते थोडं थोडं इंटरनेटवर टाकत. त्यात भुंडी होती. सृष्टीने वाचून दाखवलं. भुंडी म्हणजे 'बल्क हाय-अल्टिट्यूड युनिट, नॉन-पोर्टेबल, डिझेल, इंडिया' या शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं, जोंगाच्या धर्तीवर. शिवाय बूंदी, वंडी आणि भोंडी हेही मतप्रवाह आढळतात.

म्हस्कूने ते तीनदा वाचायला लावलं.

"ह्यात शेळी न्हाई," तो म्हणाला.

त्याला रात्रभर विचार करावा लागला नाही. जेवणाआधीच त्याने सृष्टीला पत्र सांगितलं आणि तिने ते टाइप करून पाठवलं. 'भुंडी हे नाव मी ठेवले. पुरावा म्हणून कळवतो की आमच्या कळपात त्या नावाची बिनशिंगी शेळी होती. ती १९८१ साली वारली.'

पंधरा दिवसांनी कर्नलसाहेब स्वतः निमगाव सावाला आले. सत्तरीचे, उंच, मराठी चांगलं पण जपून बोलणारे. त्यांनी शेळीबद्दल बारकाईने विचारलं, आरशांबद्दल विचारलं, सगळं वहीत उतरवलं. मग म्हणाले, "एका माणसाच्या सांगण्यावर मी काही छापत नाही. दुसरा कुणी साक्षीदार आहे?"

"न्हाई," म्हस्कू म्हणाला.

त्याची बायको आशा चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "हाय की. घाटघरला हाय. पर ते ह्यांच्याशी बोलत न्हाईत."

"का?"

"ते मला ठावं न्हाई. बावीस वर्षं इचारतेय."

सगळे म्हस्कूकडे बघू लागले. त्याने बशी खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. नाला सांगितला, चाळीस मिनिटं सांगितली, हवालदारकीची यादी सांगितली, 'मालूम नहीं, साब' हेही सांगितलं. आवाज कुठेही चढला नाही. कांद्याचा भाव सांगतोय असं बाहेरून ऐकणाऱ्याला वाटलं असतं. सृष्टीने फोन बाजूला ठेवला होता. आशा उभी होती ती खाली बसली.

"आन त्या माणसानं तुमास्नी वाचवलं?" ती म्हणाली.

"व्हय."

"आन तुमी त्येचं लग्न-कार्य, काय बी इचारलं न्हाई?"

"न्हाई."

कर्नलसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. "हे पुस्तकात घेता येणार नाही," ते म्हणाले.

"नका घेऊ," म्हस्कू म्हणाला. "पर साक्षीदाराकडं जाऊ. गाडी तुमची हाय, मी वाट दावतो."

दुसऱ्या रविवारी ते जुन्नरवरून घाटघरला निघाले. नाणेघाट बघायला आलेल्यांची गर्दी होती. भात काढून मोकळ्या झालेल्या एका शेतात गाड्या लावायची सोय केली होती आणि बांधावर खाकी टोपी घातलेला एक बारीक माणूस शिट्टी घेऊन उभा होता. कर्नलसाहेबांची गाडी आत वळली. माणूस पुढे आला, खिडकीतून आत बघितलं, शेजारी बसलेल्या म्हस्कूलाही बघितलं.

"अजून हातभर माघारी घ्या," तो म्हणाला. बावीस वर्षांनंतर कुशाबाचं पहिलं वाक्य ते होतं.

घरात गोजरबाईने, म्हणजे कुशाबाच्या बायकोने, पाणी दिलं. पाहुणे कोण हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. कर्नलसाहेबांनी वही काढली, पुस्तकाची माहिती दिली आणि विचारलं, "भुंडी हे नाव कुणी ठेवलं?"

कुशाबाने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली.

"मी," तो म्हणाला.

कर्नलसाहेबांनी म्हस्कूकडे बघितलं. म्हस्कू जमिनीकडे बघत होता.

"तुमच्याकडे शेळ्या-मेंढ्या होत्या?"

"न्हाई. आमचा भात असतो."

"मग हा शब्द कसा सुचला?"

"शिंगं नसली की भुंडीच म्हणत्यात, साहेब. भातवाले बी तेच म्हणत्यात."

"आणि गाडीला शिंगं म्हणजे?"

इथे कुशाबा अडला. "दिवे," तो म्हणाला.

"आरसे," म्हस्कू हळूच म्हणाला.

"आरसे," कुशाबा म्हणाला.

कर्नलसाहेब म्हस्कूला म्हणाले, "तुमच्या पत्रात वेगळं लिहिलंय."

म्हस्कूने मान वर केली. हे नाव आपलं म्हणून छापून यावं असं त्याला फार वाटत होतं. त्याने जगात दुसरं काही निर्माण केलेलं नव्हतं. सात-आठ युनिटांतल्या लोकांच्या तोंडी त्याचा एक शब्द होता, तेवढाच.

"पत्र चुकलं," तो म्हणाला. "त्यानंच ठेवलं. चौकशीत बी तसंच ठरलंय."

"दोघांचं एकमत आहे?"

"हाय."

कर्नलसाहेबांना खरं काय ते माहीत होतं. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि वहीत कुशाबाचं नाव लिहून पूर्ण पत्ता विचारला. मग घाटाचं तोंड बघायचंय असं सांगून ते एकटेच बाहेर गेले.

कुशाबा उठून बांधावर आला, म्हस्कू मागोमाग आला.

"तुला एक शब्द बोलायचा व्हता तिथं," कुशाबा म्हणाला. "मी. एवढाच."

"भ्यालो व्हतो."

"कशाला?"

"यादी लागायची व्हती."

"लागली?"

"एप्रिलात."

एक पांढरी गाडी शेतात शिरली. कुशाबाने शिट्टी वाजवून तिला ओळीत लावलं आणि परत आला.

"चुकलं माझं," म्हस्कू म्हणाला. "तू व्हतास म्हणून मी हाय, आन तुझ्याच टायमाला मी गप बसलो. चुकलं, कुशाबा."

कुशाबाने शिट्टी खिशात घातली. "नायक न्हाई झालो त्येचं मला एवढं न्हाई," तो म्हणाला. "तू दवाखान्यातनं सुटून आलास तवा मी चार दिस वाट बघितली. म्हटलं येईल. काय तरी बोलंल. मग खाट हलवली."

"कुठल्या तोंडानं येणार व्हतो?"

"तोंड कोण बघत व्हतं. तू यायचं व्हतं."

 म्हस्कू टोपी काढून तिची घडी घालत बसला. त्याचे डोळे पुसून झाल्यावर कुशाबा म्हणाला, "आला हायस तर जेवून जा. साहेबाला बी बलाव. ही दोन माणसांचं रांधत न्हाई कधी, विसाचंच रांधती."

पुस्तक पुढच्या पावसाळ्यात आलं. भुंडीच्या नोंदीत 'लान्स नायक कुशाबा, घाटघर, ता. जुन्नर, यांनी बिनशिंगी शेळीवरून हे नाव ठेवले' असं छापलं आहे. त्याच्याखाली आद्याक्षरांची उपपत्तीही तशीच आहे, कारण ती एका ब्रिगेडिअरांनी कळवली होती. कुशाबाचा मुलगा गोकुळ याने नोंद वाचून दाखवल्यावर कुशाबाने विचारलं, "नॉन-पोर्टेबल म्हंजे?" गोकुळ म्हणाला, उचलून नेता न येणारी. कुशाबा म्हणाला की हे बाकी बरोबर आहे.

निमगाव सावात थोडी पंचाईत झाली. म्हस्कूचं नाव पुस्तकात येणार असं गावभर झालं होतं. दादाभाऊच्या चहाच्या टपरीवर लोकांनी पुस्तक उघडून विचारलं की हा कुशाबा कोण. "छापलंय त्ये खरं हाय," म्हस्कू म्हणाला आणि दोन चहा सांगितले. आशा चार दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. मग तिने गोजरबाईसाठी लसणाची जुडी बांधून दिली.

पावसाळ्यात रविवारी घाटघरला एवढ्या गाड्या येतात की एक माणूस पुरत नाही. म्हस्कू सकाळच्या एसटीने जातो. शेतात भात असल्यामुळे गाड्या शेजारच्या माळावर लागतात, त्याच्या एका टोकाला तो उभा असतो आणि दुसऱ्या टोकाला कुशाबा, शिट्ट्या दोन आहेत. गाडी कुठे लावली हे लोक विसरतात आणि विचारायला येतात. कुशाबाकडे गेलं तर तो नंबर विचारतो. म्हस्कूकडे गेलं तर तो गाडीचं तोंड कसं आहे ते विचारतो, आणि लोक त्यावर थोडे चक्रावतात. ऑगस्टमध्ये ठाण्याच्या एका कुटुंबाची गाडी चिखलात रुतली. दोघांनी मिळून ती तासभर ढकलली. गाडी निघाल्यावर दोघेही गुडघ्यापर्यंत माखलेले बांधावर बसले, आणि पहिल्या गिअरात काढायला पाहिजे होती की दुसऱ्या, यावर त्यांचं बरंच वाजलं.